मातीचं सगळं जमिनीवर लिहिलंय

बागेचा आराखडा मी एक्सेलमध्ये केला. मला बागकाम येत नाही, एक्सेल येतं. माणसानं जे येतं तिथून सुरुवात करावी.

होसकोटेच्या अलीकडे आम्ही नवं रो हाउस घेतलं. सोळा घरांच्या ओळीतलं चौदावं. कॉलनीच्या नावात 'ग्रीन' हा शब्द दोनदा येतो, त्यामुळे प्रत्यक्षात एखादं झाड लावायची बिल्डरला गरज वाटली नसावी. पुढे थोडं अंगण, त्यातच गाडीची जागा, मागे भिंतीलगत एक पट्टा आणि वर गच्ची. आमच्याकडे गाडी नाही, स्कूटर आहे. पण जागा गाडीची मिळाली.

घर माझं आणि दिव्यश्रीचं, बाग मात्र सासूबाईंची. जमनाबाई एकाच अटीवर आमच्याकडे राहायला येणार होत्या: त्यांचा कढीपत्ता जमिनीत लागला पाहिजे. कुंडीत नाही, पिंपात नाही, जमिनीत.

मी पुण्याचा, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या नोकरीपायी इथे आलेला. दिव्यश्रीचं घराणं शहाजीराजांबरोबर बेंगळुरात आलं आणि तेव्हापासून भाड्यानं राहतंय. सासूबाईंनी लग्नानंतर अकरा घरं बदलली. अकराही वेळा टेम्पोत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर रंगाच्या डब्यातला कढीपत्ता बसला आणि सासरे मागे गाद्यांवर बसले. सासरे गेले. कढीपत्ता आहे.

"डब्यात वाढलेलं झाड आणि भाड्यानं वाढलेलं पोर," सासूबाई म्हणतात, "दोघंही जरा आखडूनच राहतात."

"आई, मी समोर बसलेय," दिव्यश्री म्हणते.

"म्हणून तर सांगतेय."

तर आराखडा. पुढच्या अंगणात गाडीच्या जागेच्या दोन्ही बाजूंना एकेक बेड. डावीकडे कढीपत्ता, उजवीकडे मोगरा. मागे भिंतीलगत लांब बेड. अळू आणि पुदिना. गच्चीवर विटांचे चार बेड. टोमॅटो, मेथी, पडवळ, तोंडली. प्रत्येक बेडसमोर उन्हाचे तास, पाण्याचे लिटर आणि 'जबाबदार व्यक्ती' असा रकाना. त्या रकान्यात सगळीकडे माझं नाव होतं. मेथीसमोर मात्र मी 'देव' लिहिलं होतं, कारण मेथीचं मला काही माहीत नव्हतं.

काम मुनियप्पा मेस्त्रींकडे दिलं. माणूस गंभीर, मोजका बोलणारा. माझं कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, या दोन शब्दांवर चालतं, त्यांचं हिंदी त्याच्या दुप्पट, म्हणजे चार शब्दांवर. म्हणून मी विचारलं, "हिंदी वाचता येतं?"

"सातवीपर्यंत होतं, सार," ते छाती पुढे काढून म्हणाले. "फर्स्ट क्लास."

मग प्रश्नच मिटला. मी चुन्याची फक्की आणली आणि जिथे जिथे बेड हवा, तिथे जमिनीवर फूटभर मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहिलं: बेड. पुढे दोनदा, मागे तीनदा, कारण पट्टा लांब होता. गच्चीवर खडूनं चारदा. गाडीच्या जागेवर काही लिहिलं नाही. गाडीची जागा कुणाला समजावून सांगावी लागते का?

"मुनियप्पा," मी हातवारे करत म्हणालो, "मातीचं सगळं जमिनीवर लिहिलंय. वाचा आणि करा."

"सरी, सार."

फोटो काढून दिव्यश्रीला पाठवला. तिनं 'छान'चा अंगठा पाठवला. आम्ही आठवडाभर ऑफिसला गेलो आणि शनिवारी सासूबाईंना आणि त्यांच्या कढीपत्त्याला घेऊन नव्या घरी आलो.

दोन्ही बाजूंना बेड व्हायचे होते तिथे सिमेंट होतं. छान, गुळगुळीत, कडेला उतार काढलेलं. मागचा पट्टा सिमेंटचा. गच्चीवर टाइल अशी सपाट की बॅडमिंटन खेळावं. आणि गाडीच्या जागेवर, सोळा फूट बाय नऊ फूट, गुडघाभर खोल, शेणखत घातलेली, भुसभुशीत तांबडी माती. मुनियप्पांनी सगळ्या बेडची माती उपसून तिथे आणून ओतली होती आणि वर पाणी मारून ठेवलं होतं.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे शाबासकीच्या अपेक्षेनं बघत होते.

दिव्यश्रीनं कन्नडमध्ये विचारलं, "मेस्त्री, हे काय केलंत?"

"लिहिलं होतं तसंच, मेडम." त्यांनी मोबाइल काढला. त्यांनीही फोटो काढले होते. एकेक दाखवत मोठ्यानं वाचू लागले, शेवटचा 'अ' नीट, पूर्ण उच्चारत, शाळेत शिकवलं होतं तसा. "मातीचं काय? तर इथे बेड. इथे बेड. मागे बेड, बेड, बेड. सारांनी तीनदा लिहिलं, म्हणजे अजिबातच बेड. वरती तर चारदा. आणि इथे," ते गाडीच्या जागेकडे वळले, "काही लिहिलं नाही. म्हणजे माती इथे."

दिव्यश्री सिमेंटवर बसली आणि हसता हसता तिला उचकी लागली. मला कळेना. शेवटी सासूबाईंनी सांगितलं.

"जावई, कन्नडमध्ये 'बेड' म्हणजे नको."

मी माझ्या घराच्या जमिनीवर, फूटभर अक्षरांत, नऊ वेळा 'नको' लिहून गेलो होतो. आणि एका फर्स्ट क्लास माणसानं ते पाळलं होतं.

"पण तुला तरी कळायला हवं होतं!" मी दिव्यश्रीला म्हणालो.

"तू लिहिलंस म्हणून मी मराठीत वाचलं ना! तुझ्याकडून कन्नडची अपेक्षा कोण करेल?"

सिमेंट फोडायला किती दिवस लागतील, यावर आमचा वाद चालू असताना आमच्या पाठीशी खणल्याचा आवाज आला. सासूबाईंनी मुनियप्पांचं फावडं घेतलं होतं. गाडीच्या जागेच्या बरोबर मधोमध खड्डा झाला होता आणि डबा आडवा पडला होता.

"अहो आई, ते पार्किंग आहे."

"असू दे. ऊन चांगलं आहे इथे."

मातीत उतरल्यावर कढीपत्ता एकदम लहान दिसला. डब्यात तो मला झाड वाटायचा. सासूबाईंनी बुंध्याशी माती दाबली आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाल्या, "बस आता."

स्कूटर आम्ही डावीकडच्या बेडवर लावली.

तीन आठवड्यांत कढीपत्त्याला नवी पालवी फुटली, भोवती सासूबाईंच्या वांग्यांची रोपं आली, आणि नोटीसही आली. नोटीस घेऊन असोसिएशनचे अध्यक्ष नरसिंहराव स्वतः आले. निवृत्त गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. सासूबाईंशी ते कन्नडमध्ये बोलले, अतिशय अदबीनं. दिव्यश्री माझ्या कानात मराठी करत होती.

"अक्का, नियम एकोणीस. गाडीची जागा फक्त वाहनासाठी. सोळाही घरं समोरून एकसारखी दिसली पाहिजेत. सात दिवसांत ही अनधिकृत माती काढा, नाहीतर असोसिएशन काढेल."

"माती अनधिकृत?" सासूबाई म्हणाल्या. "मग तुमचं घर कशावर उभं आहे, राव?"

"अक्का, झाड काढून एखाद्या सुंदर कुंडीत लावा. मी स्वतः कुंडी देतो."

ते चांगल्या मनानं म्हणाले. पण ते वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. सासूबाईंचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला.

"महिन्याच्या आत दुसऱ्यांदा उपटलं तर ते जगणार नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि जगलं तरी मी त्याला डब्यात घालणार नाही. बारा घरमालक बघितलेत मी, राव. तुम्ही तेरावे. फरक एवढाच की या वेळी घर आमचं आहे."

"अकरा घरं," मी हळूच दुरुस्त केलं.

"एका घराला दोन मालक होते. भांडायचे."

नरसिंहराव नियमाचा कागद दारात ठेवून गेले. सातवा दिवस आयुधपूजेचा, म्हणजे आपल्या खंडेनवमीचा होता. हे त्यांनी मोजलं नसावं.

दिव्यश्रीनं कागद तीनदा वाचला. तिचं म्हणणं, बाकीच्या पंधरा घरांच्या सह्या घेऊ. ती दोन संध्याकाळी फिरली आणि तीन सह्या आणल्या. त्यांतली एक पाहुण्याची निघाली. मी नियम एकोणीसमध्ये पळवाटा शोधणारी एक्सेल शीट केली. सासूबाईंनी बाजारातून एक कोहळा, पाच लिंबं आणि शेवंतीचा हार आणला.

"आई, हे कशाला?"

"पूजा आहे ना गाड्यांची?"

आयुधपूजेला आमच्या कॉलनीत सामुदायिक गाडीपूजा होते. भटजी एक नंबरपासून निघतात, प्रत्येक गाडीच्या जागेशी थांबतात, मंत्र, हार, चाकाखाली लिंबू, कोहळा फोडणं, पुढची गाडी. बरोबर आरतीचं तबक घेऊन अध्यक्ष आणि वही घेऊन वॉचमन. वहीत कुठल्या घराची किती वाहनं पुजली, हे लिहून घेतात, कारण असोसिएशनला सगळंच लिहून लागतं. मागे कॉलनीची अर्धी माणसं, प्रसादासाठी.

भटजी तेरा नंबरची लाल गाडी उरकून चौदावर आले आणि थांबले. समोर हार घातलेला, कुंकू लावलेला कढीपत्ता. शेजारी सासूबाई, नवी इरकल नेसून.

"वाहन?" भटजींनी विचारलं.

"हे काय," सासूबाई म्हणाल्या.

नरसिंहराव म्हणाले, "अक्का, हे झाड आहे."

"नियमात लिहिलंय, ही जागा फक्त वाहनासाठी. मी नियम पाळणारी बाई आहे. म्हणजे हे वाहनच असणार."

मागून कुणीतरी फिसकलं. भटजींना अजून दोन घरं आणि दुसरी एक कॉलनी उरकायची होती. त्यांनी मंत्र सुरू केला. मध्येच थांबून म्हणाले, "लिंबू चाकाखाली ठेवा."

"चाकं मातीत आहेत," दिव्यश्री शांतपणे म्हणाली. "मुळाशी ठेवते."

"वरून चालवावं लागेल."

सगळे माझ्याकडे बघू लागले. बहुधा घरातला पुरुष म्हणून. मी कढीपत्त्याचा बुंधा धरला आणि तोंडानं गाडी सुरू केल्याचा आवाज काढला. याहून हुशारीचं काही सुचलं नाही. सासूबाईंनी चप्पल काढली आणि टाचेनं लिंबू कचकन दाबलं. भटजींनी मान डोलावली, शास्त्र झालं. कोहळा फुटला, कुंकवाचं लाल पाणी वांग्यांवर उडालं.

आता आरती. तबक नरसिंहरावांच्या हातात होतं. पहिल्या घरापासून प्रत्येक वाहनाला त्यांनीच ओवाळलं होतं. मागे माणसं उभी होती. मंत्र चालू होता, आणि मंत्र चालू असताना आरती थांबवणं नरसिंहरावांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी ओवाळलं. मग, सवयीनं, ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावला.

कोपऱ्यात मुनियप्पा उभे होते. असोसिएशननं माती काढायचं काम त्यांनाच दिलं होतं. नरसिंहराव त्यांच्याकडे वळले, पण आवाजात जोर नव्हता. "मेस्त्री, मुदत आज संपतेय."

"आज फावड्याची पूजा झालीय, सार. आज ते उचलत नाहीत."

"मग परवा."

"परवा उचलेन, सार. दुसऱ्याच्या घरी." मुनियप्पांनी कढीपत्त्याकडे बोट केलं. "पूजा झालेल्या गाडीवर मी फावडं घालणार नाही. तुम्हीच आत्ता आरती ओवाळली. तुम्ही घाला."

नरसिंहरावांनी फावडं घातलं नाही. त्यांनी तबक दुसऱ्या हातात घेतलं, वांग्यांवरचं कुंकू पाहिलं. मग वॉचमनला म्हणाले, "लिही."

वॉचमननं वही उघडली. "चौदा नंबर. वाहनं किती?"

"दोन," दिव्यश्री म्हणाली. "एक स्कूटर."

"दुसऱ्याचा रंग?"

"हिरवा," मी म्हणालो.

"कधीचं?"

"लग्नाच्या वर्षीचं," सासूबाई म्हणाल्या.

वॉचमननं सगळं लिहिलं. शेवटचा रकाना उरला होता. "चालू आहे का, अक्का? चालतं?"

"फार चाललं," सासूबाई म्हणाल्या. पाय तसेच अनवाणी, मातीत. "अकरा घरं चाललं. आता हलणार नाही. तसंच लिही, आणि रावांची सही घे."

नरसिंहरावांनी खिशातून पेन काढलं. पहिलं चाललं नाही. दुसऱ्यानं सही केली.