भंडाऱ्याचं बोट

माझ्या नवऱ्याला, बिरुदेवला, रक्ताचा कॅन्सर झाला आणि मी भांडकुदळ झाले. केमोमुळं त्याच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की या दहा दिवसांत साधा जंतूही त्याच्या जिवावर बेतेल. दवाखाना जवळ पडावा म्हणून आम्ही भवानी पेठेत खोली घेतली. सकाळी जंतूंवरची गोळी त्याच्या हातावर ठेवायची आणि दारात साबण-पाणी घेऊन बसायचं, एवढंच माझं आयुष्य उरलं होतं. कच्चं नको, फुलं नकोत, पाहुणे नकोत. चिंचोळीच्या कारखान्यातले त्याचे दोस्त जिन्यातूनच परत गेले. तो मला पोलिसीणबाई म्हणायचा. मला हसायचंही त्राण नव्हतं.

आठव्या दिवशी सासरे आले. बिरप्पामामा. मेंढरं भावकीच्या हवाली करून, सांगोल्याकडून, देवाचा भंडारा घेऊन. मी म्हटलं, हात धुवा आणि लांबूनच बघा. त्यांनी निमूट हात धुतले. दूध उतू चाललं म्हणून मी वळले, तेवढ्यात त्यांनी कमरेच्या पिशवीत बोट बुडवून लेकाच्या कपाळाला भंडारा लावला.

"मामा, मारताय का त्याला?" मी किंचाळले. "ती पिशवी मेंढरांत फिरलेली!"

"आगं, देवाचा हाय की त्यो," ते पुटपुटले.

मी त्याचं कपाळ खसाखसा पुसलं आणि त्या म्हाताऱ्या माणसाला जिन्यात बसवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बिरुदेवला एकशे एक ताप. ताप दिसला की वाट बघायची नाही, हे मला पाठ होतं. अर्ध्या तासात आम्ही वॉर्डात होतो. मामा रिक्षात पुढं बसले होते.

सलाईन लावता लावता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रोजची गोळी घेत होतात ना?"

बिरुदेवनं नजर चुकवली. मग खिशातून कागदाची पुडी काढली. आत आठच्या आठ गोळ्या.

"ताप न्हवता की," तो म्हणाला. "आमच्यात आजारी मेंढरालाच सुई देत्यात. धडधाकटाला दिली तर पुढं लागू पडत न्हाय. म्हटलं, ताप आला की घ्यावी."

बाईंनी कपाळाला हात लावला. असा ताप आणणारे जंतू बहुतेकदा रोग्याच्या स्वतःच्या आतड्यातलेच असतात, गोळी त्यांनाच थोपवायला होती, म्हणाल्या. मी आठ दिवस दार राखलं, आणि तो गोळी गिळतो का एवढं बघितलं नाही.

मामा बाहेर बाकावर दोन दिवस बसून होते. चहासुद्धा घेतला नाही. ते काय मनाला लावून बसलेत हे मला कळत होतं, तरी मी बोलले नाही. थकले होते, हे खरंच. पण दोष त्यांच्या डोक्यावर होता तोवर माझ्या चुकीकडं बघायची वेळ येत नव्हती.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मी सांगायला बाहेर गेले. ते धडपडत उठले.

"पोरी, माज्या बोटानंच झालं न्हवं?"

"नाही मामा. त्यानं गोळ्याच घेतल्या नव्हत्या. इथं आलो त्याच दिवशी मला कळलं."

ते खाली बसले. भंडाऱ्याचं बोट दुसऱ्या मुठीत धरलं.

"दोन दिस देवाला म्हनत बसलो, ह्ये बोट झडू दे," ते म्हणाले. "सांगायचं की गं."