रुखवतातलं वॉशिंग मशीन

रुखवत मांडून झालं आणि शर्वाणीचं वॉशिंग मशीन आटायला लागलं. कराडच्या कार्यालयात सकाळी चौघांनी मिळून ते टेम्पोतून उतरवलं होतं, घामाघूम झाले होते बिचारे. आता कुणी बाई जवळ येऊन "कुठल्या कंपनीचं हो?" म्हणाली, की ते वीतभर खाली बसायचं. बाबा कंपनीचं नाव सांगायचे. बाई म्हणायची, "अच्छा!" त्या अच्छानं आणखी बोटभर.

शेजारी मामानं दिलेला फ्रिज होता. दारावर मोठ्या कंपनीचं नाव, चंदेरी अक्षरांत. त्याला कुणी काही विचारतच नव्हतं. नाव वाचायचं, मान डोलवायची, आणि फ्रिज वाढायचा. त्यानं लाडवांची ताटं भिंतीला रेटली, मग छताला टेकला. कार्यालयाचा माणूस येऊन एवढंच म्हणाला, "पंखे बंद करतो."

आग लागो त्या अच्छाला! मशीन चांगलं होतं हो. शर्वाणी आणि तिचा होणारा नवरा तन्मय, दोघांनी दुकानात तासभर डोकं लढवून निवडलं होतं. कपडे तेवढेच मावणार, वॉरंटी उलट जास्त आणि किंमत निम्मी. "नुसत्या नावाचे पैसे कशाला मोजायचे?" हे तन्मयच बोलला होता, दुकानदारासमोर, छाती फुगवून.

बाबा मशीनवर हात ठेवून उभे होते. येईल त्याला हसून माहिती देत होते आणि मशीनबरोबर स्वतःही आटत चालले होते. अंगावरचे कपडे त्यांच्या मापानं लहान होत गेले. फेटा वरपक्षानं बांधलेला, तो काही आटला नाही. तो डोळ्यांवर आला.

"बाबा, हात काढा त्याच्यावरचा," शर्वाणी म्हणाली.

"असू दे गं. कुणीतरी सांगायला नको का लोकांना?"

तेवढ्यात तन्मयची आई, सुनंदाकाकू आल्या. मशीन गुडघ्याएवढं उरलं होतं, म्हणून वाकून बघितलं.

"निवडलं कुणी हे?"

"मुलांनीच," बाबा फेट्याखालून म्हणाले.

काकूंनी लेकाकडे पाहिलं. तन्मय मुंडावळ्या बांधून तयार होता. शर्वाणी त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. बोल की रे मेल्या, एक वाक्य बोल, माझा बाप संपत चाललाय इथं!

तन्मय फ्रिजकडे बघत म्हणाला, "मला कुठं विचारलं कुणी?"

मशीन साबणाच्या वडीएवढं झालं. फेटा जमिनीवर पडला. शर्वाणीनं तो बाजूला करून बाबांना तळहातावर घेतलं. ते अजून हसत होते.

"लाज वाटते का रे तुला?" तिनं विचारलं.

"आज नको ना. आईचा मूड बघ."

फ्रिजनं आता सगळा हॉल व्यापला होता. मुहूर्त तर जवळ आलेला. सुनंदाकाकूंनी फ्रिजचं दार उघडलं, आत लख्ख उजेड पडला. "अय्या, केवढी जागा आहे!" म्हणत त्या आत गेल्या. मागोमाग गुरुजी, पाट, माईक, दोन्हीकडची माणसं. मामा तर सगळ्यांना कप्पे दाखवत फिरत होता. बायकांनी पदर घट्ट लपेटून घेतले. थंडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

तन्मय दारात थांबला. "चल ना. काकांना ठेव इथंच टेबलावर. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

शर्वाणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या जोरात ओरडावंसं वाटलं, की त्या दारावरची चंदेरी अक्षरं गळून पडावीत. ती म्हणाली, "हो पुढं."

तो वळून आत गेला. तिनं बाहेरून खांदा लावून दार लोटलं आणि पाठ टेकून उभी राहिली.

"अगं, मुहूर्त टळेल," तळहातावरून बाबा म्हणाले.

"गप्प बसा हो बाबा!" ती रडत ओरडली.

आत मंगलाष्टकं सुरू झाली. नवरी कुठं आहे, असं कुणीच विचारलं नाही. सावधान झालं, आणि अक्षता आतून दारावर आपटायला लागल्या.