श्वास ओळखणारी साळूबाई

माझ्या थापांनी आजवर कोणाचं नुकसान झालं नव्हतं. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात बिबट्या आला, झेंडूची माळ गळ्यात घालून गंगापूरच्या धरणावर पाणी प्यायला गेला, ही गोष्ट मी चाळीस वर्षं सांगतोय. दरवर्षी माळ दोन हात लांब होते, बिबट्या तेवढाच राहतो.

गोष्टी सांगायच्या त्या शेडमध्ये. दुपारी फुलांचा ढीग पडतो, भोवती बायका माळा ओवायला बसतात. तोंडाला चाळा असला की हात थांबत नाहीत, म्हणून माझी बायको कुसाबाई मला तिथंच बसवून ठेवते. शेडला लागून आमच्या दोन खोल्या आहेत, मधली भिंत एक. तिथं ललित भाड्यानं राहतो. मूळचा सिन्नरचा, अंबडला कंपनीत कामाला. सोबत आई आक्काबाई, तीन वर्षांची वेदिका आणि बायको मंजुषा.

मंजुषा आमच्याकडे माळा ओवायला येई. दिवाळीनंतर एकदा ती डाव्या हातानं ओवायला बसली. उजवं मनगट वांग्यासारखं सुजलेलं.

"काय गं, काय झालं?" कुसाबाईनं विचारलं.

"पाटा पडला."

पाटा गेल्या महिन्यातही पडला होता. भिंतीपलीकडून आम्हा सगळ्यांना तो ऐकू येई. तरी सगळ्या खाली मान घालून ओवत राहिल्या. शेवटी त्यांच्यातली छाया म्हणाली, "अगं, पोलिसांना फोन कर ना! तीन आकडी नंबर आहे, फुकट लागतो."

"आणि बोलू काय?" मंजुषा म्हणाली. "चार हातांवर ते बसलेले. दारात सासूबाई. तोंडातून शब्द निघाला की संपलंच."

शेडमध्ये नुसती सुयांची हालचाल. मला शांतता सोसत नाही, हा माझा जुना रोग. पोरीला जरा हसवावं म्हणून मी सुरू केलं.

"बोलायचं कशाला? तिथं साळूबाई आहे ना."

"कोण साळूबाई?"

"सिन्नरची सुईण. दाराबाहेर उभी राहून नुसत्या श्वासावरून सांगायची, आतल्या बाईला कितवा महिना आहे ते. एकदा म्हशीचा श्वास ऐकून म्हणाली, जुळं आहे. पोलिसांच्या कानावर गेलं, त्यांनी थेट उचलून कंट्रोल रूममध्ये बसवली. फोन लागला आणि पलीकडची बाई गप्प राहिली, की सगळे साहेब उठून उभे राहतात आणि फोन साळूबाईच्या कानाला लावतात. ती म्हणते, ही मार खातेय, गाडी काढा. घर कुठलं तेसुद्धा सांगते, चहाच्या आधणाच्या आवाजावरून!"

बायका खो खो हसल्या. कुसाबाई म्हणाली, "मेल्यावर तुमची जीभ वेगळी जाळावी लागणार."

मंजुषा हसली नाही. सुईत दोरा ओवत तिनं हळूच विचारलं, "किती वेळ गप्प राहायचं, तात्या?"

"वीस श्वास," मी म्हणालो.

आकडा घातला की थापेला वजन येतं. एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बुधवारी ललित पहिली पाळी करून चार वाजता घरी आला. पुढचं थोडं भिंतीतून ऐकलं, थोडं नंतर मंजुषानं कुसाबाईला सांगितलं. तो हातपाय धुवायला गेला तेव्हा तिनं नंबर लावला आणि फोन पिठाच्या डब्यामागं ठेवला. पलीकडून कोणीतरी "हॅलो, बोला, काय मदत हवी?" म्हणत राहिलं. ती श्वास मोजत राहिली. चौदाला फोन कटला. सोळाला परत वाजला.

पिठाच्या डब्यामागं वाजणारा फोन ललितनं उचलला.

"या नंबरवरून कॉल आला होता. काही अडचण आहे का?"

"नाही साहेब, पोरीनं खेळता खेळता दाबला."

"लहान मुलांच्या हातात मोबाईल देत जाऊ नका."

"बरोबर आहे साहेब. सॉरी साहेब."

मग डबा पडल्याचा आवाज आला. मी मोठ्यानं खोकलो. लाज वाटते सांगायला, पण माझ्याच्यानं तेवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस चौकीत गेलो. हवालदार ज्ञानेश ओळखीचा, लहानपणी माझा बिबट्या ऐकून गेलेला.

"या तात्या! बिबट्या काय म्हणतो?"

मी सगळं सांगितलं. साळूबाईसकट. तो हसायचा थांबला.

"आवाज नाही आला की परत कॉल करून खात्री करायची, अशी पद्धत असते, तात्या. निम्मे फोन खिशात दाबले गेलेले असतात."

"आणि परत केलेला फोन उचलतो कोण?"

"ज्याच्या हाताला लागेल तो."

"मग परत कशाला करता? आधीच सांगा ना तिला, बोलता येत नसेल तर बोटानं दोनदा टकटक कर. नंबरावरून घर काढा आणि माणूस पाठवा. तोही दारात नवऱ्यापुढं विचारणारा नको. साध्या कपड्यातली बाई पाठवा, मतदार यादी तपासायला आले म्हणून. तिला बाजूला घ्या, मग विचारा."

ज्ञानेश म्हणाला, "तात्या, ही पण साळूबाईचीच गोष्ट वाटते. स्टाफमध्ये बाई आहे एक, ती बंदोबस्ताला. पण गाडी पाठवतो. तुमच्या शब्दाखातर."

पाठवली त्यानं, खोटं बोलणार नाही. दुपारी दोन शिपाई आले. ललितची त्या दिवशी सुट्टी होती. दारात तो, शेजारी आक्काबाई, मागं मंजुषा.

"ताई, काही त्रास आहे का? न घाबरता सांगा."

"नाही," मंजुषा म्हणाली.

"हाताला काय झालं?"

"पाटा पडला," ललितनं सांगितलं. "बघून काम करत नाय, साहेब."

"माझ्या सुनंला कामाचा लय उरक हाय," आक्काबाई म्हणाल्या, "मग लागतंच." शिपायानं ते लिहून घेतलं. मंजुषानं सही केली, डाव्या हातानं. मग चहा केला, तोही डाव्या हातानं. दोघांनी पिऊन चांगला झालाय म्हणून सांगितलं.

त्यानंतर आठ दिवस ती शेडमध्ये आली नाही. आली तेव्हा वेदिकाला कडेवर घेऊन, लंगडत. फोन आता ललितच्या खिशात असतो म्हणाली. मी ठरवलं, आयुष्यात एकदा खरं बोलायचं.

"मंजू, ऐक. साळूबाई कोणी नाही. मी रचली ती. तिथं श्वास कोणाला कळत नाही."

ती हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा. "तात्या, माझी चेष्टा नका करू आता."

"देवाशपथ सांगतो, पोरी."

"बिबट्याचीही तुम्ही देवाशपथ घेता. असते ती. त्या दिवशी तिची सुट्टी असेल, नाहीतर माझेच श्वास कमी पडले. चौदाच झाले होते." मग हात पुढं केला. "तुमचा फोन द्या ना."

"मी बोलतो त्यांच्याशी. सगळं नीट सांगतो."

"अजिबात नको! बोललात तर पुन्हा दारात येतील."

कुसाबाईनं माझ्या खिशातून फोन काढून तिला दिला. मंजुषा फुलांच्या ढिगाआड जाऊन बसली, वेदिका मांडीवर. एकही बाई हलली नाही. फोन मध्येच कटला असणार, पण ती वीसपर्यंत मोजत राहिली. मग फोन माझ्या हातात आणून दिला.

तेवढ्यात तो वाजला.

"या नंबरवरून कॉल आला होता. काही मदत हवी आहे का?" बाईचा आवाज, दमलेला.

माझी जीभ कधी अडली नव्हती. समोर मंजुषा हात जोडून मान हलवत होती, नको, नको. भिंतीपलीकडं आक्काबाई भांडी लावत होत्या.

"चुकून लागला, बाई," मी म्हणालो.

"लहान मुलांच्या हातात मोबाईल देत जाऊ नका, काका."

फोन बंद झाला. मंजुषा जवळ आली.

"बाईचा आवाज होता ना, तात्या?"

"हो."

"मग झालं," ती म्हणाली, आणि ढिगापाशी बसून डाव्या हातानं सुई शोधू लागली.