बाहेरची कडी

धाकटीने थोरलीच्या पलंगावरची चादर ओढून ताठ केली, उशी जागेवर ठेवली आणि पलंगापुढची दोरी पुन्हा अडकवली. दोरीच्या आत कुणीच जायचं नव्हतं. तिनेही फक्त झाडण्यापुरतंच.

मठात गेलेल्या या थोरल्या बहिणीने घरच्यांनी टाकून दिलेल्या आजाऱ्यांना जवळ केलं, त्यांच्या जखमा धुता धुता ती गेली आणि पुढे चर्चने तिला संत म्हणून जाहीर केलं. तेव्हापासून हे घर लोकांचं झालं. केस पांढरे झाले तरी धाकटी धाकटीच राहिली. तिची खाट स्वयंपाकघरात गेली. आलेल्यांना काय सांगायचं तेही फादरांनी ठरवून दिलं होतं : मठात जाण्याआधी संत या खोलीत दार लावून दिवसचे दिवस प्रार्थना करीत. धाकटी ते पोपटासारखं म्हणे. दार लागलेलं असे हे खरंच होतं. ते कोण लावी, या भानगडीत कुणी पडलं नाही आणि वडिलांची अब्रू चव्हाट्यावर मांडायला तिचीही जीभ रेटली नाही.

आज एक बाई एकटीच आली. पलंगाला लावून द्या म्हणून तिने रुमाल पुढे केला. मुलीचा होता. मुलीला दूरच्या शहरात नर्सिंग शिकायचं खूळ लागलंय, खाणंपिणं सोडून हटून बसलीय, संतांनी तिला सुबुद्धी द्यावी, असं ती घाईघाईने सांगत होती.

"आता कुठंय ती?" धाकटीने विचारलं.

"घरीच. खोलीला कुलूप लावून आलेय. तिच्याच भल्यासाठी."

धाकटीने रुमाल तिच्या हातून घेतला. मग तिने खोलीचं दार अर्धं लोटलं.

"कडी बघा. आतून नाहीच. बाहेरून आहे."

बाईने वाकून कडी पाहिली. तिला समजायला वेळ लागला.

"मग त्यांना दार... कुणी उघडलं?"

"मी. वडील आंघोळीला गेले होते." धाकटीने कडी सरकवून दाखवली. ती अजून आवाज न करता सरकत होती. धाकटी तिला न चुकता तेल घाली. "मागे वळूनसुद्धा बघितलं नाही तिने. बरंच केलं."

"आणि तुम्ही?"

"आईवडिलांजवळ कुणीतरी राहायला हवं होतं ना."

बाईने दोरीकडे पाहिलं, मग स्वयंपाकघरातल्या खाटेकडे.

"तुम्हाला नव्हतं जायचं कुठे?"

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने रुमालाची घडी घातली आणि पलंगाला न लावताच परत दिली. बाईनेही आग्रह केला नाही. पर्समध्ये हात घालून ती किल्ली शोधू लागली, सापडल्यावर मुठीत आवळून जवळजवळ धावतच निघाली.

तेवढ्यात बेल वाजली. पुढचे लोक आले होते. धाकटीने डोळे पुसले, बाईसाठी दार उघडलं, तिला जाऊ दिलं आणि आलेल्यांना आत घेतलं.