सेकंदाला सात लाटा

आत्याच्या शिवणखोलीत दुपारी काहीतरी येत असे आणि ते फक्त आत्यालाच कळत असे. छातीवर कुणी तळवा ठेवून हलकेच दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे, तसे तिला होई. सुईत दोरा ओवता येत नसे. भिंतीपलीकडे कपडे धुण्याचे दुकान होते, त्याचा वाफ ओढणारा मोठा पंखा होता. आत्याचा संशय त्या पंख्यावर होता. पण पंख्याचा आवाज खोलीत कधी कुणाच्या कानावर आला नव्हता.

चाळीस वर्षे ज्या खोलीत तिने इतरांच्या मापांचे कपडे शिवले, ती सोडून तिने आपल्याकडे राहायला यावे, असे तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे बाबांनी, ठरवून टाकले होते. वय झाले की भास होतात, त्यात लाज कसली, असे ते प्रेमाने म्हणत. आणि बाबांच्या प्रेमापुढे भल्याभल्यांचे काही चालत नसे. महिनाअखेरीला खोली रिकामी करायची होती.

या निकालात भाच्याचा, म्हणजे बाबांच्या मुलाचा, हात होता, हे त्याला आत खोल कुठेतरी सलत होते. तो संगणक दुरुस्त करी, माणसांपेक्षा यंत्रांशी अधिक बोले. तीन आठवड्यांपूर्वी आत्याने मोठ्या आशेने त्यालाच बोलावले होते. त्याने लॅपटॉप मांडला, उत्तम मायक्रोफोन लावला आणि आत्या छातीला हात लावून बसलेली असताना पडद्यावरच्या सरळ रेघेकडे पाहून तो म्हणाला, "काही नाही." यंत्र काय खोटे बोलते का, असे बाबांनी लगेच विचारले.  आत्याने बोटातले अंगुस्तान काढून डबीत ठेवले आणि झाकण लावले. त्या झाकणाचा बारीकसा आवाज भाच्याच्या मनातून पुसला गेला नाही.

चूक त्याला सापडली ती स्वतःच्याच टेबलावर. एका गिऱ्हाइकाचे साउंड कार्ड जिवंत आहे का ते पाहण्यासाठी त्याने आवाज आत घेणाऱ्या खाचेला एक छोटा सेल लावला. सेल सतत विजेचा एकसारखा दाब देतो. रेघ वर जाऊन वरच थांबायला हवी होती. ती वर उडाली आणि पापणी लवते न लवते तोच खाली घसरून शून्यावर आली. सेल तर अजून लावलेलाच होता. तो बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिला. कार्डाच्या दाराशी कपॅसिटर नावाचा एक छोटा डबा बसलेला असतो. गाण्याला उपयोगी ते तो आत सोडतो आणि फार संथ ते बाहेर ठेवतो. सेकंदाला वीस लाटांच्या खाली माणसाला ऐकू येत नाही, मग ते आत कशाला घ्या, असा त्यामागचा शहाणपणा. मायक्रोफोनही त्याच शाळेत शिकलेला. म्हणजे कुंपणानेच शेत खाल्ले होते आणि शिक्षा झाली होती आत्याला.

दुसऱ्या दिवशी सेल, त्याचा दाब कमी करणारे दोन रोधक आणि लॅपटॉप घेऊन तो जुन्या सुट्या भागांच्या दुकानात गेला. दुकानदाराने कौतुकाने सर्वांत चकचकीत कार्ड पुढे ठेवले. "हे घ्या साहेब. वटवाघळाचंसुद्धा ऐकतं."

"वटवाघूळ नको," भाचा म्हणाला. "मला हत्तीच्या आवाजाच्याही खालचं काहीतरी ऐकायचंय."

दुकानदाराने चष्मा वर सरकवून त्याच्याकडे पाहिले. भाच्याने सेल लावला. रेघ उडाली आणि घसरली. दुसऱ्या कार्डाचे कपॅसिटर कुणीतरी आधीच तार जोडून बाजूला सारले होते, म्हणून त्याला आशा वाटली. पण रेघ तिथेही खाली आली, फक्त जरा रेंगाळत. बाहेरचा पहारेकरी हटवला तरी आतल्या चिपमध्ये दुसरा बसला होता आणि त्याला उठवायची सोयच नव्हती. तिसरे, चौथे, पाचवे. एरवी एका नकारानेही कोमेजून परत फिरणारा तो आज शांतपणे पुढचे कार्ड मागत होता. काय हवे ते नेमके ठाऊक असले की लाजरा माणूसही किती निर्भय होतो, याचे त्याला स्वतःलाच नवल वाटले.

"सेल संपेल, पण तुमचं समाधान व्हायचं नाही," दुकानदार म्हणाला. तरी तळातल्या खोक्यातून त्याने धुळीने माखलेले एक जुने कार्ड काढून दिले. त्याच्या चिपमधली गाळणी एका सेटिंगने बंद होत होती. दुकानदाराचीच डाख देण्याची तापती सळई घेऊन भाच्याने कपॅसिटरवरून एक तार जोडली आणि सेल लावला. रेघ वर गेली. आणि तिथेच थांबली. 

"यावर गाणं ऐकलंत तर कान किटतील, आधीच सांगतो," दुकानदाराने बजावले.

"गाणं ऐकायचंच नाही."

आत्याच्या खोलीत मायक्रोफोनऐवजी त्याने हवेचा दाब मोजणारा एक नाजूक सेन्सर जोडला. मग धुलाईवाल्या बाईंना विनंती केली, की दुपारभर त्यांनी पंखा आपल्या मनाला येईल तेव्हा लावावा, बंद करावा, आणि कुणालाही सांगू नये. बाबांना त्याने पडद्यासमोर बसवले, आत्याला पडद्याकडे पाठ करून. रेघ हलू लागली की बाबांनी बोलायचे नाही. बोलायचे फक्त आत्याने.

"आलं," आत्या म्हणाली. पडद्यावर संथ, गोल लाटा उठत होत्या, सेकंदाला सात. "गेलं." लाटा निवाल्या. पुन्हा आले, पुन्हा गेले. बाबांची मान हळूहळू पुढे येत गेली. मग पंधरा मिनिटे आत्या गप्पच.

"ताई, बोल की काहीतरी," बाबा न राहवून म्हणाले.

"काय बोलू? काही नाहीये."

रेघ सरळ होती. तेच शब्द, तीच रेघ. पण या खेपेला भाच्याला त्यांची लाज वाटली नाही.

धुलाईवाल्या बाईंनी संध्याकाळी पंखा उघडून पाहिला. एक पाते वाकलेले निघाले. दर फेऱ्याला ते हवेचा एक धक्का देत होते, आणि दोन्ही खोल्यांचे झरोके एकाच बोळकांडीत उघडत होते. दोन दिवसांत पाते बदलले. पडद्यावर लाटांचा मागमूसही उरला नाही, आणि आत्याच्या छातीवरचा तळवाही उठला.

महिनाअखेरीला बाबा आले खरे, पण सामान बांधायला माणसे आणली नाहीत. दारात घुटमळले, खोलीवरून नजर फिरवली, आणि हातातली पिशवी पुढे केली.

"ताई, या पँटची शिवण उसवलीये. घाई नाही. सावकाश दे."

आत्याने पँट उलटी करून पाहिली, शिवण कुणी घातली होती असे तुच्छतेने विचारले आणि डबीतून अंगुस्तान काढले.