जिभेखालची सात मिनिटं

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं माझी सासू म्हणते, आणि ते खोटं नाही. अशा बाईला नेमलं कुठे, तर व्यसनमुक्ती केंद्रात गोळी द्यायच्या टेबलावर, जिथे समोरच्याला बोलायलाच बंदी. नशेची तलफ भागवणारी ही गोळी जिभेखाली ठेवायची. ती विरघळायला सात मिनिटं लागतात, तेवढा वेळ तोंड बंद. मी समोर बसून राहायचं आणि शेवटी 'जीभ वर करा' म्हणून टॉर्च मारायचा. गोळी कोणी बाहेरच्या माणसाला दिली तर नाव यादीतून बाद, असा राज्याचा नियम आहे.

सात मिनिटं संपली की माणसं भडाभडा बोलतात. जावयाच्या तक्रारी, मुलाचे मार्क, सगळं. फक्त एक कुलूपवाला बोलत नसे. कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं त्याचं, आणि पहिलं कुलूप स्वतःच्याच तोंडाला लावलेलं. टॉर्च विझला की मान हलवायचा, रुमालाने तोंड पुसायचा आणि चालू लागायचा. माझा जीव नुसता खालीवर व्हायचा. गप्प माणूस दिसला की त्याच्या आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

बाहेरच्या बाकावर त्याची ताई बसलेली असे. पहिले तीन महिने रोज घरचं कोणीतरी सही करायला लागतं. ती दुपारच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. कपड्यांना कडक इस्त्री, एक दिवस खाडा नाही. आईच्या मागे तिनेच त्याला वाढवलेला. आमच्या भिंतीवर राज्यात कुठे कोणते उपचार मिळतात त्याचा तक्ता आहे: भरती होऊन, रोजची गोळी, महिन्याचं इंजेक्शन, गटाच्या बैठका. नातेवाईक त्याच्याकडे पाठ करून बसतात, पण ही तो रोज उभं राहून वाचायची. एकदा तिने विचारलं, बायका येतात का इथे? मी सांगितलं, बायकांचा वॉर्ड अख्ख्या राज्यात एकच आहे, तोही दिवसभराच्या प्रवासावर. गोळी त्यांना इथेही मिळते, पण लाजेपायी अजून एकही आलेली नाही. कोणासाठी विचारताय, म्हटलं, तर म्हणाली, सहज. बहीण असावी तर अशी, असं मी घरी जाऊन चारचारदा सांगितलं.

महिन्याभरात कुलूपवाला उतरत चालला. हात थरथरत, नाक गळे, भर थंडीत घाम येई. डोस बरोबर होता, त्यामुळे डॉक्टरांनाही उलगडा होईना.

परवा मला राहवलं नाही. जीभ बघून झाली आणि तो उठणार तोच मी म्हटलं, "आमच्या कपाटाची किल्ली हरवलीय. न तोडता उघडेल का हो?"

प्रश्न पडला धंद्यातला. "कपाट लोखंडी की..." एवढं तो बोलून गेला आणि गालातून अर्धी गोळी टेबलावर पडली. इतके दिवस मी जीभ बघत होते, गाल कधी बघितलाच नव्हता.

मग त्याने सगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वी ताईच्या पाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हाच्या दुखण्याच्या गोळ्या तिला सुटल्या नाहीत. तिच्याच डब्यातून चोरून चोरून त्यालाही लागल्या. "मी इथे येऊ शकलो. ती कशी येणार, सिस्टर? शाळेत कळलं तर?" म्हणून अर्धी गोळी तो दाताने तोडून गालात दाबायचा, तोंड पुसताना रुमालात घ्यायचा, दुकानात वाळवायचा आणि पुडीत घालून तिला द्यायचा.

मला राग आला, त्याचा आणि माझाही. बाराला नोंदवही डॉक्टरांकडे जाते, त्याच्या आत मला हे तिच्यात लिहायचं होतं. लिहिलं की याचं नाव बाद, आणि नाव बाद झालेली माणसं पुन्हा कुठे सापडतात ते मी बघितलेलं आहे. त्याला तिथेच बसवून मी बाकापाशी गेले.

"तो तुम्हाला रोज पुडी देतो ना?" मी हळू आवाजात विचारलं.

तिने नाकारलं नाही. म्हणाली, त्याला दीड गोळी मिळते, एक इथे आणि अर्धी घरी घ्यायला. घरची अर्धी त्याला लागत नाही, असं तो म्हणतो.

"दीड नाही, एकच मिळते," मी म्हटलं. "त्यातली अर्धी तुमची."

पोरांना अपूर्णांक शिकवणारी बाई ती. तिला वेळ लागला नाही. "आणि मी त्याला म्हणायचे, सोडताना हात थरथरणारच," ती म्हणाली.

मी नियम सांगितला. तुम्ही आज इथे नाव घातलंत, तर गोळी बाहेरच्या नाही, इथल्याच पेशंटला गेली, असा डॉक्टरांपुढे भांडायला मला निदान एक मुद्दा मिळेल, हेही सांगितलं. तिने घड्याळ बघितलं; शाळा भरायची वेळ होत आली होती. मला वाटलं, आता पर्स उचलून जाईल.

ती उठली आणि आत येऊन सरळ रांगेत उभी राहिली. पुढचा माणूस वळला आणि चपापला. त्याची मुलगी तिच्याच शाळेत होती.

"बाई, तुम्ही रांगेत? भावासाठी का?"

"नाही," ती म्हणाली. "माझ्यासाठी."