विश्वास किती, एक ते पाच

महाळुंगे पडवळच्या वृषालीची पीएचडी सहा वर्षं रखडली होती. विषय मोठा झोकात: ‘दुर्गम गावांतील माहितीप्रसार’. गाईडनं शेवटचं बजावलं होतं, “मुलाखती पुरे झाल्या. आता प्रयोग करून दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द.”

म्हणून ती महिनाभर डोंगरातल्या आहुप्यात, गेणूच्या घरी येऊन राहिली. वस्तीत मोबाईलला रेंज नाही, पण गेणूची पिठाची गिरणी आहे. तिथं दुपारी बोललेलं जेवणवेळेपर्यंत घरोघर पोचतं. त्या दुपारी दळणाला आलेल्या प्रयागबाईला वृषालीनं हळूच सांगितलं, “उद्या सकाळची एसटी येणार नाही.” धडधडीत खोटं; हाच तिचा प्रयोग. पण शिकलीसवरली बाई खोटं कशाला बोलेल? अन् गावाला एसटी एकच.

दिवे लागायच्या सुमारास गेणूची मुलगी संस्कृती धावत आली. महिनाभर हिनंच वृषालीची पिशवी वाहिली होती, घरं दाखवली होती.

“ताई, एसटी खरंच न्हाई? उद्या घोडेगावात नर्सिंगच्या ॲडमिशनचा शेवटचा दिस हाय!”

एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द पोरीच्या तोंडून गावभर झाला असता आणि सहा वर्षं पाण्यात गेली असती. वृषालीला लाज वाटली, नाही असं नाही. पण लाजेवर पदवी मिळत नाही.

“हो गं, नाहीच येणार,” ती म्हणाली.

एसटी वस्तीपासून पाऊण तासावरच्या फाट्यावरूनच वळते. सकाळी तिथं वृषाली एकटी उभी होती. गाडी आली, रिकामीच वळली.

“आज गाव कुठं गेलं, म्याडम?” कंडक्टरनं विचारलं.

तिनं वहीत शून्य लिहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. असला आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

ती घरी परतली तेव्हा संस्कृती दाखल्यांची फाईल मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. डोळे सुजलेले. “पुढल्या साली बघू,” गेणू म्हणाला. पुढल्या साली तिचं लग्न उरकायचं ठरलेलं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

वृषाली तिच्याशेजारी टेकली आणि तिनं आपल्या प्रश्नावलीचा फॉर्म काढला.

“एसटी येणार नाही हे पहिल्यांदा कधी कळलं?”

“काल, सहाला. प्रयागआजीकडनं.”

“आणि विश्वास किती बसला? एक ते पाचमध्ये सांग.”

“आजी सांगत व्हती तवा दोन,” संस्कृती नाक पुसत म्हणाली. “मंग तुमी सांगितलं. तवा पाच.”

वृषालीनं पाचाभोवती गोल केला.